फडाच्या कडेची आवाजाची पेटी: कोल्हा, रानमांजर आणि उच्च वारंवारता (प्रकल्प नोंदी)

३ नोव्हेंबर २०२४

जागा कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातली, गावापासून दीड किलोमीटरवरची वस्ती. चौदा शेळ्या, चाळीसेक गावरान कोंबड्या, राखणीला एक कुत्रा. गोठ्याच्या पश्चिमेला एक पाट, एक बांध, आणि लगेच उसाचा फड. ऊस डोक्याच्या वर गेला की फड कोल्ह्याच्या मालकीचा होतो. दिवसभर आत, अंधार पडला की बांधावर. ऑक्टोबरभर लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात कोल्ह्याची जोडी, एक रानमांजर आणि दोनदा जवादी मांजर दिसलं. बिबट्या नाही. असता तर हे काम इथे हाती घेतलंच नसतं.

कामाचं कारण असं. बाजारात ‘अल्ट्रासॉनिक’ (माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच आवाजाच्या) पेट्या मिळतात, त्यांच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की उच्च वारंवारतेने जनावर पळतं. परदेशात शिकारी जे इलेक्ट्रॉनिक कॉलर (आवाज वाजवून जनावर बोलावणारी यंत्रं) वापरतात त्यांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की उच्च वारंवारतेने जनावर येतं. शब्द एकच, दावे उलटे. गोठ्यासाठी यातलं काय कामाचं, हे पेटी बांधून बघायचं ठरलं.

परवानगीचं आधी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात सापळ्याबरोबर हाकारा आणि आमिषही येतं, नुसता प्रयत्नसुद्धा येतो. सशाची किंकाळी रानात वाजवून कोल्हा बोलावणं म्हणजे आवाजाचं आमिषच झालं. म्हणून नियम केला: बोलावणारे आवाज फक्त बंद खोलीत, पाळीव जनावरांवर. बाहेर फक्त गोठ्याच्या हद्दीत आणि फक्त हुसकावणारे. वनखात्याला लेखी कळवलं. शेजारच्या दोन वस्त्यांनाही सांगून ठेवलं, नाहीतर रात्री दोनला रानातून माणसांचा आवाज आला की लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात.

६ नोव्हेंबर

विकतची सौर पेटी, १,१५० रुपये. उघडली. आत एक पिएझो चकती (वीज दिली की थरथरून आवाज करणारी), पीआयआर सेन्सर (हलणाऱ्या उष्ण अंगाची चाहूल घेणारा), चार एलईडी आणि काडेपेटीएवढी बॅटरी. वारंवारतेचं बटण तीन टप्प्यांचं.

फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये पहिला टप्पा दिसला, साधारण १४ ते १८ किलोहर्ट्झ. बाकीचे दोन दिसले नाहीत आणि पेटी बिघडली असं वाटून एक संध्याकाळ वाया गेली. चूक आमची. फोन सेकंदाला ४८,००० नमुने घेतो, त्यामुळे २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्याला दिसूच शकत नाही. आणि माइक त्याआधीच मंदावतो. मग कोल्हापुरातल्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधला ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) अर्धा तास मागून घेतला. पिएझोच्या तारांवर तिसऱ्या टप्प्याला ३० किलोहर्ट्झच्या आसपासची चौकोनी लाट व्यवस्थित होती. म्हणजे पेटी वाजत होती.

वाजणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, हे सगळ्या वारंवारतांना सारखंच लागू. त्याच्या वर हवा स्वतः आवाज खाते, आणि उंच आवाज जास्त खाते. ८ किलोहर्ट्झला दर मीटरला एक दशांश डेसिबलसुद्धा जात नाही. २० ला दर मीटरला जवळपास अर्धा डेसिबल जातो. ४० ला एकाच्या वर. खोक्यावर छापलेला ‘एक मीटरवर १०० डेसिबल’ हा आकडा खरा धरला, तरी ३० मीटरवर ८ किलोहर्ट्झचा आवाज ६८ च्या आसपास उरतो आणि ४० किलोहर्ट्झचा ३० च्या आसपास. हे मोकळ्या माळावर. उसात याहून वाईट, कारण २० किलोहर्ट्झची लहर पावणेदोन सेंटीमीटर लांब आणि उसाचं पान त्याहून रुंद. प्रत्येक पान तिला भिंतीसारखं.

वस्तीवरच्या मामांचा प्रश्न साधा होता: “वाजतीया का न्हाई, आपल्याला कळायचं कसं?” याला उत्तर नाही, आणि या पेट्यांमधली खरी अडचण हीच आहे. बंद पडलेली पेटी आणि चालू पेटी माणसाला सारखीच दिसते.

९ नोव्हेंबर

स्वतःची पेटी. स्पीकर, बॅटरी, वायर कोल्हापुरात घेतली, मॉड्यूल ऑनलाइन. ईएसपी-३२ बोर्ड (प्रोग्राम चालवणारा छोटा कंट्रोलर) ४२०, डीएफ-प्लेअर मिनी (मेमरी कार्डावरच्या फाइली वाजवणारं मॉड्यूल) १४०, १२ व्होल्टवर चालणारा आवाज मोठा करणारा दोन चॅनेलचा क्लास-डी अ‍ॅम्प २३०, भोंग्याच्या तोंडाचे पिएझो ट्विटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) चार नग ३६०, चार इंची कार स्पीकर ४५०, १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी ९५०, दहा वॅटचं सोलर पॅनेल ७५०, चार्ज कंट्रोलर ३५०, घड्याळाचं मॉड्यूल १३०, दोन पीआयआर १६०, पाणी न शिरणारा जंक्शन बॉक्स ३८०, किरकोळ ३००. एकूण ४,६२०. कॅमेरे दोन, मागून आणलेले, दोन्ही ९४० नॅनोमीटर इन्फ्रारेडचे. ८५० वाल्यांचा लालसर ठिपका अंधारात दिसतो, मग जनावर आवाजाने थबकलं की ठिपक्याने, ते सांगता येत नाही.

१२ नोव्हेंबर

आज अ‍ॅम्प जळला. दोन चुका एकाच दिवशी.

पहिली: पिएझो ट्विटर थेट क्लास-डी अ‍ॅम्पला जोडला. पिएझो म्हणजे विजेच्या दृष्टीने कपॅसिटरच, वारंवारता चढेल तसा तो जास्त करंट ओढतो. १५ किलोहर्ट्झच्या वर अ‍ॅम्प चटका बसेल इतका तापला. उपाय पाच रुपयांचा: प्रत्येक ट्विटरला सिरीजमध्ये २२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर.

दुसरी: वायर वाचवायला चारही ट्विटरच्या वजा तारा एकत्र करून बॅटरीच्या वजाला जोडल्या. अशा अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात, वजा म्हणजे ग्राउंड नव्हे. एक टक्क असा आवाज आणि वास. २३० रुपये गेले, नवा यायला तीन दिवस. कार ऑडिओची सवय असलेला हमखास इथे चुकतो.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा, रात्रभर फटाके. बाहेरचं काही करण्यात अर्थ नव्हता, म्हणून फाइलींचं काम.

कॉलरसाठी विकल्या जाणाऱ्या फाइली कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून त्यांचा स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वारंवारतेत किती जोर आहे त्याचं चित्र) पाहिला. ‘उच्च वारंवारता’ म्हणून दिलेल्या सशाच्या किंकाळीत बहुतेक जोर १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये, वर सूर चढत गेलेले. उंदराची चिरचिर ६ ते १२ मध्ये. म्हणजे माणसाला स्वच्छ ऐकू येणारे आवाज. अमेरिकेत कायोटी (कोल्ह्यासारखं जनावर) आणि बॉबकॅटसाठी (तिकडचं रानमांजर) वापरतात ते हेच. शिकारी ज्याला उंच आवाज म्हणतो तो बासरीइतका उंच, आणि अल्ट्रासॉनिक पेटीवाला म्हणतो तो माणसाच्या कानापलीकडचा. पहिल्या दिवशीच्या उलट्या दाव्यांचा अर्धा गुंता इथेच सुटला.

आणखी एक. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलीत १६ किलोहर्ट्झच्या वर काहीच नव्हतं, कात्रीने कापावं तसं. एमपीथ्री माणसाच्या कानासाठी बनलेली, बाकी ती टाकून देते. वेव्ह (wav) फाइल ४४.१ किलोहर्ट्झची घेतली तर २२ पर्यंत जाता येतं, त्याच्या वर डीएफ-प्लेअरकडून अपेक्षाच करू नये. म्हणजे मेमरी कार्डावर चालणारी कुठलीही स्वस्त पेटी ‘४० किलोहर्ट्झ’ म्हणत असेल तर ते लेबलावरच.

१६ नोव्हेंबर

बंद खोली, एक बोका, वस्तीवरचा आणि शेजारचा असे दोन कुत्रे. एकेकटे, दार लावून.

प्रयोगशाळेतल्या मोजमापांनुसार कुत्र्याला साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ८५ पर्यंत. माणसाची हद्द २०, आणि पन्नाशीत ती बरीच खाली आलेली. कोल्हा कुत्र्याच्या कुळातला, म्हणून त्याच्यासाठी कुत्र्याचा आकडा धरून चाललो.

१८ किलोहर्ट्झचा सरळ सूर: बोक्याचा आधी डावा कान वळला, मग मान. दुसऱ्यांदा नुसता कान. चौथ्यांदा तो पंजा चाटत बसला होता. कुत्र्यांनी माना तिरक्या केल्या, नंतर दुर्लक्ष. पळालं कोणी नाही.

उंदराची चिरचिर, अगदी हळू: बोका पोट जमिनीला लावून स्पीकरच्या मागे जाऊन हुंगून आला. तीच फाइल पूर्ण आवाजात: कान चपटे करून पोत्यांच्या मागे. फाइल तीच, वारंवारता तीच, फरक फक्त जोराचा. पूर्ण आवाजात ट्विटर फाटतो आणि चिरचिरीत करकर मिसळते. खरा उंदीर तसा ओरडत नाही. कॉलरच्या जाहिरातीत वॅट मोजतात, त्याचा उलटाच अर्थ निघतो.

१७ ते २३ नोव्हेंबर

अ‍ॅम्प बसवून पेटी बांधावर. फक्त १६ ते २१ किलोहर्ट्झचा वर-खाली जाणारा सूर, पीआयआर लागला की वीस सेकंद. रोज संध्याकाळी नाणं उडवायचं: छापा तर पेटी चालू, काटा तर पेटी जागेवरच पण मुकी. कॅमेरे दोन्ही प्रकारच्या रात्रींना चालू. मुकी रात्र ठेवली नाही तर कोल्हा पेटीमुळे आला नाही की त्याला यायचंच नव्हतं, हे कधीच कळत नाही.

दोन रात्री बॅटरीने खाल्ल्या. पाच रात्रींत तीन चालू, दोन मुक्या. चालूपैकी दोन रात्री कोल्हा आला, मुक्यांपैकी एक. एवढ्या रात्रींवरून निकाल काढायचा नसतो, पण व्हिडिओत जे दिसतं ते दिसतं: सूर सुरू झाला, कोल्ह्याने मान वर केली, दोन्ही कान पेटीकडे, चार सेकंद तसाच उभा, मग पाटाच्या कडेने चालू लागला. पेटीपासून आठ मीटरवर.

जे बिघडलं ते भलतीकडेच. शेळीला ३७ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं. तिसऱ्या रात्रीपासून सगळ्या शेळ्या गोठ्याच्या पूर्वेच्या भिंतीला चिकटून बसायला लागल्या, ट्विटरपासून जास्तीत जास्त लांब. राखणीचा कुत्रा बांधाजवळची जागा सोडून घराच्या पायरीवर झोपायला लागला. म्हणजे पेटीने हाकललं कुणाला, तर राखणदाराला. कोंबड्यांना काही फरक नाही, त्यांना ७ किलोहर्ट्झच्या वर जवळपास ऐकूच येत नाही.

पीआयआरबद्दल: दुपारी तापलेल्या पत्र्यावरून येणारी झळ आणि वाऱ्याने हलणारी केळीची पानं, दोन्हींना तो जनावर समजतो. दिवसा ३० ते ४० खोट्या हाका. घड्याळ लावून संध्याकाळी सात ते पहाटे सहा एवढाच वेळ ठेवला, आणि सेन्सरला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा लावून नजर अरुंद केली.

२४ नोव्हेंबर

या प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक. नीट लिहून ठेवतोय, कारण हे मॉड्यूल वापरणारा कुणीही इथे पडू शकतो.

कार्डावर माणसांच्या बोलण्याची नवी फाइल टाकली, ‘तीन नंबर वाजव’ असा प्रोग्राम, आणि खोलीतल्या चाचणीच्या फाइली कार्डावर तशाच राहिल्या. डीएफ-प्लेअरला साधा नंबर सांगितला तर तो फाइलीचं नाव बघत नाही, कार्डावर ती कितवी कॉपी झाली ते बघतो. तिसरी कॉपी झालेली होती सशाची किंकाळी. शिवाय ‘वाजतंय’ सांगणारी बिझी पिन जोडलेली नव्हती, त्यामुळे सेन्सर लागत राहिला आणि फाइल पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली. अकरा मिनिटं. आणि आवाज ‘जपून’ म्हणून कमी ठेवलेला, म्हणजे बोलावण्यासाठी अगदी योग्य.

कॅमेऱ्यातली वेळ, रात्री १.४१ पासून:

तिसऱ्या मिनिटाला गव्हाणी घुबड पेटीवर एका जागी पंख मारत थांबलं, खाली पाहिलं, गेलं.

पाचव्या मिनिटाला रानमांजर बांधावर. पळत नाही, येतं ते दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. पेटीपासून सहा मीटरवर बसलं. कान सुटे सुटे फिरत होते, एक पेटीकडे, एक फडाकडे. शेपटीचं फक्त टोक हलत होतं. आवाज थांबल्यावरही चौदा मिनिटं तिथेच.

आठव्या मिनिटाला कोल्हा, दुसऱ्या कॅमेऱ्यात, पेटीच्या मागच्या बाजूला. वारा पूर्वेकडून होता आणि तो फिरून पश्चिमेला गेला, म्हणजे पेटीचा वास त्याच्याकडे येईल अशा जागी. नाक वर, पुढचा एक पाय उचललेला. पेटीच्या समोर तो आलाच नाही. वासात ससा नव्हता, प्लास्टिक आणि माणसाचे हात होते. चाळीस सेकंदांत फडात.

मांजर डोळ्या-कानांवर विश्वास ठेवतं आणि वेळ काढतं, कोल्हा कान ऐकून निघतो पण शिक्का नाकाकडून घेतो. अमेरिकेतल्या कायोटी-शिकाऱ्यांचं वाऱ्याबद्दलचं सगळं बोलणं यावरच असतं. पण इथे मुद्दा वेगळा: गोठ्यापासून वीस मीटरवर आपणच तीन शिकारी गोळा केले. सकाळी वनखात्याला फोन करून सांगितलं, लपवलं नाही.

दुरुस्ती: फाइली ‘mp3’ नावाच्या फोल्डरमध्ये ०००१, ०००२ अशा नावांनी, आणि प्रोग्राममध्ये त्या फोल्डरमधून नावाने वाजवण्याची आज्ञा. बिझी पिन जोडली. एकदा वाजलं की नव्वद सेकंद सक्तीची शांतता. आणि बोलावणाऱ्या सगळ्या फाइली कार्डावरून काढून कार्ड फॉरमॅट. कार्डावर जी फाइल नाही ती चुकूनही वाजत नाही.

१ ते १२ डिसेंबर

ट्विटर बंद, फक्त कार स्पीकर. तीन प्रकारचे आवाज: ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका-माणसांचं बोलणं (त्यांना विचारून रेकॉर्ड केलेलं), कुत्र्याचं भुंकणं, आणि पत्र्यावर काठी. दोन ते तीन सेकंद, बस. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जवळचं घर १२० मीटरवर. स्पीकरसमोर एक मीटरवर ८५ ठेवले की तिथे ४३ पोहोचतात. शिवाय तोंड फडाकडे.

पहिल्या दोन रात्री माणसाचं बोलणं म्हणजे रामबाण. कोल्हा एका उडीत फडात. पाचव्या रात्री त्याने पळायच्या आधी मागे वळून पाहिलं. आठव्या रात्री मान वर, आणि पुन्हा हुंगणं. तीच फाइल, तीच जागा, तोच क्रम. मागून माणूस येत नाही हे कळायला त्याला आठवडा पुरला. फाइली आलटून-पालटून वाजवल्या आणि पेटी दर दोन दिवसांनी दहा-पंधरा मीटर सरकवली, तेव्हा मुदत थोडी वाढली.

मांजराची गोष्ट मजेशीर. वीज वाचवायला अ‍ॅम्पचा पुरवठा रिलेने तोडला होता. पीआयआर लागला की आधी रिले ‘टिक’, मग अर्ध्या सेकंदाने आवाज. चौथ्या भेटीत रानमांजर टिकला दचकून उडालं, आवाज सुरू व्हायच्या आधीच. पाचव्या-सहाव्या भेटीत टिक ऐकून आडोशाला बसायचं, बोलणं संपेपर्यंत थांबायचं, मग पुढे. नव्वद सेकंदांच्या शांततेचा अंदाजही त्याला आला असावा. रिले काढून पी-चॅनेल मॉसफेट (न वाजणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावला. अ‍ॅम्पच्या वजा बाजूला स्विच टाकायचा मोह टाळावा. तसा टाकला तर करंट प्लेअरच्या ग्राउंडमधून वाट काढतो आणि घूंSS आवाज येत राहतो.

१३ डिसेंबर

शेजारच्या फडाला तोड लागली. दोन दिवसांत फड मोकळा, पाचट पेटवलं.

त्यानंतरच्या सहा रात्री कोल्हा नाही. इथे आनंद मानून ‘पेटी यशस्वी’ लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण मुक्या रात्रींनाही तो आला नाही. लपायला ऊसच नाही तर येणार कुठून. या सहा रात्री हिशेबातून काढल्या. पेटी उचलून पाऊण किलोमीटरवरच्या, उभ्या उसाच्या कडेच्या वस्तीवर नेली. नवी परवानगी, नवे खांब, पुन्हा आठवडा पेटी मुकी ठेवून कॅमेऱ्यात आधी काय येतं ते बघणं. एकूण दोन आठवडे गेले. ज्याला हे करायचंय त्याने आधी कारखान्याची तोडीची तारीख विचारावी, मग पेटी ठोकावी.

२७ डिसेंबर

थंडीचं दव. पहाटे ट्विटरच्या तोंडात थेंब, कार स्पीकरचा कागदी कोन मऊ पडून आवाज दबका. स्पीकर १५ अंश खाली झुकवला, कोनावर पातळ वार्निशचा एक हात, वर अर्ध्या कापलेल्या तेलाच्या कॅनचं छप्पर. बॉक्समध्ये मुंग्यांनी अंडी नेऊन ठेवली होती, कारण आत ऊब. वायर शिरते त्या भोकाला सिलिकॉन आणि खांबाला ग्रीसचा पट्टा.

बॅटरीचा हिशेब आधी चुकला होता तो असा: बोर्ड ८० मिलिअँपिअर, प्लेअर २५, अ‍ॅम्प रिकामा बसून ४५, म्हणजे दीडशे. अकरा तासांत १.६५ एएच, एक आवाजही न वाजवता. सात एएचच्या बॅटरीतून रोज साडेतीनच्या वर काढू नये, आणि हिवाळ्यात दहा वॅटचं पॅनेल दिवसाला दोन-सव्वादोन एएच परत देतं. धुक्याची दोन सकाळ ओळीने आली की खेळ खलास. अ‍ॅम्प मॉसफेटने तोडल्यावर आणि उष्णतेत वीज घालवणारा ७८०५ रेग्युलेटर काढून कमी वीज वाया घालवणारा बक कन्व्हर्टर घातल्यावर रिकामा खर्च निम्म्याच्या खाली आला.

६ जानेवारी २०२५

दुसऱ्या वस्तीवरचे दहा दिवस. इथेही तसंच: सुरुवातीला पळ, आठवड्याभरात सवय. एक गोष्ट नवी. आवाजाबरोबर एकदा-दोनदा खरा माणूस टॉर्च घेऊन बाहेर आला, त्या रात्रींनंतर आवाजाचा धाक पुन्हा तीन-चार रात्री टिकला. म्हणून फाइलीतला आवाज आता घरातल्याच माणसाचा घेतला, ओळखीचा. आणि पीआयआर लागला की घरात आधी एक घंटी वाजते, बाहेर नंतर. सगळ्यात उपयोगी बदल हाच, किंमत ६० रुपयांचा बझर आणि चाळीस मीटर वायर.

१२ जानेवारी

कोंबड्यांच्या खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश, चारही बाजू आणि वरून. खालची जाळी फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी वळवून मातीखाली गाडली, कारण कोल्हा भिंतीला लागून उकरतो आणि उकरताना जाळीवरच उभा राहतो. षटकोनी कोंबडी-जाळी वापरू नये. ती कोंबडी आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. दाराला दोन कड्या, एक खाली. जाळी आणि मजुरी मिळून ६,८०० रुपये. पेटीवर आजवर गेलेले, जळालेला अ‍ॅम्प आणि विकतची पेटी धरून, साधारण सव्वासहा हजार.

जाळीनंतर कोल्हा तीनदा आला, दोनदा उकरून पाहिलं. खड्डा चार बोटं खोल, पुढे जाळी. रानमांजर एकदा छतावर चढलं, फिरलं, उतरलं. पेटी तेव्हा मुकी होती, नाणं काटा पडलं होतं.

१९ जानेवारी

पेटी आता फक्त शेळ्या व्यायच्या दिवसांत आणि तोड जवळ आली की लावायची, सलग चार रात्रींपेक्षा जास्त नाही, मग आठवडा काढून ठेवायची. घरातली घंटी कायमची चालू. जोडणी पुन्हा करणाऱ्यांसाठी: रेझिस्टर ५ वॅटचेच घ्या, एक वॅटचा काळा पडला होता. ट्विटर चारही काढले. दोन चांगले निघाले, ते वस्तीवरच्या भजनी मंडळाच्या स्पीकरमध्ये बसवले. टाळ आता स्वच्छ ऐकू येतात. रेझिस्टर तिथेही लावलेत.